काय मोजायचं हे कुणी ठरवायचं? दादर ज्वारीच्या चाचणीच्या प्रकल्प नोंदी

१२ जून, अमळनेर

आज प्रकल्पाची वही उघडली. बोरी आणि पांझरेच्या काठच्या गावांत येत्या रब्बीला शेतकऱ्यांच्याच वावरात ज्वारीच्या वाणांची तुलना करायची आहे. इथली जुनी दादर, मालदांडी, आणि राहुरी विद्यापीठाच्या फुले वसुधा व फुले रेवती. अशा चाचण्या दर वर्षी होतात. आम्हाला बदलायचा आहे तो चाचणीचा तक्ता.

हा तक्ता मी एमएस्सीला असल्यापासून भरत आले आहे. ताटाची उंची, फुलोऱ्याला लागलेले दिवस, कणसाची लांबी, हजार दाण्यांचं वजन, हेक्टरी क्विंटल. कडब्याची नोंद होते, पण बोलणी दाण्यावरच होतात. भाकरीची परीक्षा झालीच तर अगदी शेवटी, प्रयोगशाळेत. दिवसभर वाकून ताटं कापणाऱ्या बाईला कोणता वाण जड गेला, याला तर जागाच नाही.

मोजमाप निःपक्ष असावं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मोजायचं काय, हे मोजमाप सांगत नाही. ते माणसं ठरवतात. शेती कशासाठी, कोणासाठी, याबद्दलची त्यांची समजूत रकान्यांत उतरते आणि तक्ता एकदा छापला की ती दिसेनाशी होते. रकाने मात्र पिढ्यान् पिढ्या राहतात. शेतीशास्त्रामागच्या मूल्यांचा फेरविचार करायचा म्हणजे मोठमोठ्या शब्दांची चर्चा, असं बहुतेकांना वाटतं. मला तो रकान्यांपासून सुरू करायचा आहे.

२१ जून

गटाची पहिली बैठक. शेतकरी, बचत गटातल्या बाया, दोन शिक्षक आणि सांख्यिकी शिकवणारे सर.

या कामाला अमळनेर योग्य गाव आहे. प्रताप शेटजींनी इथे कापडाची गिरणी काढली आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही काढलं. साने गुरुजी त्या मंदिरात शिकायला आले. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३०च्या दशकात तिथे संचालक होते. राजकीय पारतंत्र्य डोळ्यांना दिसतं, विचारांतलं दिसत नाही. परक्या कल्पना न तपासता आपल्याशा केल्या की ते सुरू होतं, अशी त्यांची मांडणी. बैठकीत मी एवढंच विचारलं, की शेतीशास्त्रातल्या कल्पना आपण कधी तपासल्या का?

मग थोडा इतिहास मांडला. १८८०च्या दुष्काळ आयोगाने शेती खाती उभारायला सांगितलं, १९०५ मध्ये बिहारात पुसाची संशोधन संस्था निघाली, १९२६ मध्ये लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये आजच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेचा पाया घातला गेला. दुष्काळ टळावा हा हेतू त्यात खरा होता. सारा नीट वसूल व्हावा आणि गिरण्यांना माल मिळावा हेही हेतू तितकेच खरे होते. त्याच काळात, १८८९ मध्ये, व्होल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ इथली शेती सुधारण्याचे उपाय सुचवायला आले. गावोगाव हिंडून त्यांनी १८९३च्या अहवालात लिहिलं की इथला सर्वसाधारण रयत इंग्लंडच्या शेतकऱ्याइतकाच कसबी आहे, काही बाबतींत तर त्याच्याहून सरस. कमी आहेत त्या सोयी. अहवाल फाइलीत गेला, ‘अडाणी शेतकरी’ हा शब्दप्रयोग मात्र कृषी खात्याच्या भाषणांत पुढे कित्येक दशकं टिकला.

सर शांतपणे ऐकत होते. जाताना म्हणाले, “ताई, इतिहास ठीक आहे. पण चाचणीचा आराखडा ढिला झाला तर मी सोबत नाही.” ही अट मला मान्य आहे आणि ती मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

३ जुलै

पाऊस लागला. सगळीकडे कपाशीची सरकी टोबायची घाई, त्यामुळे गावांत जाऊन उपयोग नाही. वाचनात दिवस गेला.

कापसाचं उदाहरण खानदेशाला सगळ्यांत जवळचं आहे. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती झाली आणि १९२४ मध्ये तिची तंत्रशाळा मुंबईत माटुंग्याला निघाली. सूत किती बारीक निघतं, धागा किती लांब, हे तिथे तपासलं जाई. इथला देशी कापूस आखूड धाग्याचा. गिरणीच्या यंत्राला लांब धागा हवा, म्हणून तो ‘हलका’ ठरला. मुळांचा सोट खोल जाणं, तुडतुडे-मावा यांना सहज न बधणं, कमी पावसात तग धरणं, या गुणांचा त्या परीक्षेत विचार नव्हता. जळगावहून निघालेल्या जरीला आणि विरनार या वाणांत मर रोगाला तोंड देण्याचा गुण मुद्दाम पाहिला गेला, कारण मर लागली की गिरणीलाही माल मिळत नव्हता. शेतकऱ्याची गरज आणि गिरणीची गरज जुळली की काम झपाट्याने होतं. जुळली नाही की कोणाची मागे पडते, हे सांगायला नको.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९७० मध्ये सुरतेहून एच-४ हा संकरित वाण आला, २००२ मध्ये बीटी आला, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी पोखरली. बीटीमुळे सुरुवातीला हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, ते मी स्वतः पाहिलं आहे. माझा आक्षेप बियाण्यातल्या जनुकावर नाही. दर वर्षी बी विकत घ्यावं लागणं हा खर्च मानायचा की परावलंबन मानायचं, हा प्रश्न कोणत्याच तक्त्यात आला नाही, यावर आहे.

१८ जुलै

दुपारी जिभाऊंकडे गेले. वय ऐंशीच्या आसपास, पांझरेकाठी काळी कसदार जमीन, घरचं दादरचं बी वडिलांच्या वेळचं. विषय निघाला संकरित ज्वारीचा.

सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, १९६४ चा. अमेरिकेतून आलेल्या नर-वंध्य, म्हणजे स्वतःचे परागकण फळत नाहीत अशा, वाणावर बेतलेला संकर. ताट बुटकं, पीक लवकर तयार होणारं, दाण्याचं उत्पन्न जुन्या वाणांच्या कितीतरी पट. देशाला तेव्हा धान्याची गरज होती, अमेरिकेहून जहाजाने येणाऱ्या मिलो ज्वारीवर दिवस काढणारी माणसं होती. त्या काळात दाणा हाच एक रकाना डोळ्यांसमोर ठेवणारे शास्त्रज्ञ मला चुकीचे वाटत नाहीत. भूक ही खरी गोष्ट होती आणि त्यांनी तिच्यावर काम केलं.

जिभाऊंनी ते दिवस सांगितले. कृषी खात्याच्या माणसाने प्रात्यक्षिक घेतलं, कणसं भरली, गाव पाहायला लोटला. “दाना ते घर भरीसन उना, पन ढोरेस्ले काय टाकानं?” जुन्या खरीप ज्वारीचा कडबा माणसाच्या डोक्याच्या वर जाई, हिचा कंबरेच्या थोडा वर. त्यातून कापणीच्या तोंडावर पाऊस आला की दाणा काळा पडायचा, कारण पीक लवकर तयार व्हायचं आणि पाऊस अजून गेलेला नसायचा. काळ्या दाण्याची भाकर कडवट. घरात खायला जुनी, विकायला नवी, अशी वाटणी झाली. मग बाजारात तिचा भाव उतरला आणि हळूहळू खरिपात ज्वारीच उरली नाही. तिथे कापूस आला.

आजपर्यंत मी हा इतिहास उलट्या बाजूने शिकले होते: शेतकऱ्यांनी नवं तंत्र पुरतं स्वीकारलं नाही, कारण विस्तारकार्य कमी पडलं. जिभाऊंच्या बोलण्यात विस्तारकार्य कुठेच कमी पडलेलं नव्हतं. माणूस सायकलवर दर आठवड्याला येत होता. त्याच्या हातातल्या तक्त्यात बैल नव्हता.

बैल नसण्याचं मोल पुढे द्यावं लागलं. कडबा कमी म्हणून जनावरं कमी, जनावरं कमी म्हणून शेणखत कमी, शेणखत कमी म्हणून रासायनिक खताचं पोतं जास्त. या साखळीतल्या प्रत्येक कडीचा अभ्यास वेगळ्या विभागात होतो: ज्वारी नवे वाण घडवणाऱ्या पैदासकाराकडे, चारा पशुविज्ञानात, खत मृदाशास्त्रात. शेतात मात्र ते एकाच माणसाच्या अंगावर एकदम येतं. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड पुसाच्या नोकरीत याच विभागणीला कंटाळले आणि पुढे १९२४ मध्ये, सातपुड्याच्या पलीकडे इंदूरला, जमीन-पीक-जनावर एकत्र पाहणारी संस्था त्यांनी उभी केली. तिथली कंपोस्टची पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. शेतकरी आणि कीड हेच आपले प्राध्यापक, असं ते म्हणत. जळगावहून इंदूर काही फार लांब नाही, तरी आमच्या चार वर्षांच्या शिक्षणात त्यांचं नाव खतांच्या धड्यात एका ओळीपुरतं आलं.

४ ऑगस्ट, साक्री तालुका

फड पद्धतीचा एक बंधारा पाहायला गेलो. पांझरा आणि मोसम या नद्यांवर असे बंधारे काही शतकं चालत आले आहेत. बांधकाम पाहण्यासारखं आहेच, पण आम्ही गेलो होतो हिशेब समजून घ्यायला.

बंधाऱ्याच्या पाण्याखालच्या सगळ्या क्षेत्राला थळ म्हणतात. थळाचे तीन-चार फड पडतात आणि एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकाच प्रकारचं पीक घ्यायचं: एकात ऊस, एकात रब्बी, एकात हंगामी. पुढच्या वर्षी फिरवाफिरव. ज्याची जमीन थळात आहे त्याचा तुकडा साधारण प्रत्येक फडात असतो, त्यामुळे ऊस फक्त मोठ्याच्या वाट्याला आणि कोरडं फक्त लहानाच्या वाट्याला, असं होत नाही. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही, पाटकरी देतो. राखणीला जागल्या. पाटाचा गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. नदीला पाणी कमी असेल तर किती फड भिजवायचे हे आधीच ठरतं आणि कमी पडणारं पाणी सगळ्यांना कमी पडतं. आता वर धरणं झाली, विहिरी झाल्या, बऱ्याच थळांत ही घडी विस्कटली. आम्ही गेलो तिथेही पूर्वीसारखं चालत नाही, हे म्हाताऱ्यांनी लपवलं नाही.

परतताना गाडीत बोलणं झालं ते भाजकाचं. आपण उत्पन्न म्हणतो तेव्हा हेक्टरने भागतो. हे कोणी ठरवलं? जिथे पाऊस भरपूर आणि जमीन कमी, तिथे हेक्टरने भागणं शहाणपणाचं आहे. धुळे-अमळनेर भागात जमीन आहे, पाणी नाही. इथे पाण्याने भागायला हवं. फड बांधणाऱ्यांनी तेच केलं होतं: नदीत आलेलं पाणी आणि थळातली सगळी घरं, हे त्यांचे भाजक. हेक्टरच्या हिशेबात रावेर-यावलची केळी हे देशातल्या यशस्वी पिकांपैकी एक आहे आणि ती मेहनत मी कमी लेखणार नाही; ठिबक आणि ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं तिथल्या शेतकऱ्यांनी ज्या हिमतीने उचलली तिला तोड नाही. पण केळीला वर्षाला साधारण १,८०० ते २,००० मिलिमीटर पाणी लागतं आणि जळगावचा पाऊस ७०० च्या आसपास. उरलेलं जमिनीच्या पोटातून येतं. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या पाहण्यांत अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त पाणी उपसणारे, म्हणून नोंदले गेले आहेत. विहिरींची पातळी हा उत्पन्नाच्या तक्त्यातला रकाना असता, तर सातपुड्याच्या पायथ्याशी वेगळे वाण, वेगळी लागवड शोधण्यावर दोन पिढ्या आधी पैसा लागला असता.

ज्यांच्या नावाने राहुरीचं विद्यापीठ आहे, त्या महात्मा फुल्यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की डोंगरउतारावर ताली-बंधारे घालावेत, पावसाचं पाणी शेतात मुरूनच पुढे जावं, आणि या कामाला सरकारने आपल्या फौजफाट्यातली माणसं लावावीत. माती आणि पाणी जपणं हे उत्पन्नाआधी ठेवलेलं शेतीशास्त्र मराठीत तेव्हापासून आहे.

१९ ऑगस्ट

आजचा दिवस सरांचा. सकाळपासून दुपारपर्यंत वाद, आणि चांगला वाद.

त्यांचं म्हणणं: चव, सोय, कष्ट या गोष्टी व्यक्तिनिष्ठ आहेत. त्या चाचणीत घेतल्या की ज्याला जे सिद्ध करायचं ते सिद्ध होईल. संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेले आणि त्यांनी वाण कोणत्या प्लॉटात पेरायचा हे चिठ्ठी टाकून ठरवायला शिकवलं, ते कशासाठी? संशोधकाच्या आवडीनिवडीपासून निकाल वाचावा म्हणून. ते आपण फेकून द्यायचं का?

मुळीच नाही. चिठ्ठी राहील. उलट मला वाटतं, चिठ्ठीमागचा प्रामाणिकपणा हे शेतीशास्त्राचं सगळ्यांत मोठं मूल्य आहे आणि ते सोडलं तर आपण ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे जाऊ. नैसर्गिक शेतीच्या नावाने एका शेतावरचा एका वर्षाचा अनुभव देशभर नियम म्हणून सांगणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या आणि आमच्या मधली भिंत म्हणजे ही चिठ्ठी. पण चिठ्ठी फक्त तुलना प्रामाणिक करते. तुलना कशाची, हे तिच्या हातात नाही. आणि चव मोजता येत नाही असं कोण म्हणतं? अमेरिकी सैन्याने जवानांच्या जेवणासाठी १९५०च्या सुमारास नऊ पायऱ्यांची आवड-नावड श्रेणी तयार केली, ती आज जगभरच्या अन्नप्रयोगशाळांत चालते. सैन्याला गरज वाटली तेव्हा चव शास्त्रीय झाली. बाईला गरज वाटली की ती व्यक्तिनिष्ठ का व्हावी?

शेवटी आराखडा ठरला, आणि तो सरांनीच सुचवला. ट्रायकॉट पद्धत. प्रत्येक शेतकऱ्याला चारपैकी तीन वाणांची, नाव नसलेली पाकिटं: अ, ब, क. कोणाला कोणते तीन, हे चिठ्ठीवर. शेतकऱ्याने आकडे भरत बसायचं नाही. प्रत्येक बाबतीत तिघांत सर्वांत चांगला कोणता आणि सर्वांत वाईट कोणता एवढंच सांगायचं. असे क्रम अनेक शेतांतून जमले की प्लॅकेट-ल्यूस नावाच्या गणिताने सगळ्यांचा मिळून कल काढता येतो. भारतात गव्हावर अशा चाचण्या झाल्या आहेत. बाबी कोणत्या, हे मात्र गावाने ठरवायचं. इथे आमची दोघांची मनं जुळली.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. २००८ मध्ये जोहान्सबर्गला शेतीज्ञानाचा जो आंतरराष्ट्रीय आढावा मंजूर झाला, त्यावर सुमारे ४०० तज्ज्ञांनी काम केलं होतं, आणि मान्यता देणाऱ्या ५८ देशांत भारतही होता. फक्त उत्पन्नाच्या मागे लागून चालणार नाही, स्थानिक ज्ञान आणि बायांचं शेतीतलं काम संशोधनाच्या मध्यभागी आणा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे आम्ही जे करतो आहोत ते सरकारने सही केलेल्या कागदाच्या बाहेरचं नाही.

७ सप्टेंबर

पाकिटं भरून झाली. मूग-उडीद काढून झालेली वावरं वखरायला सुरुवात.

२९ सप्टेंबर

पेरण्या. ओल चांगली आहे. काहींनी पाभरीने, काहींनी ट्रॅक्टरने. तिन्ही वाण एकाच वावरात, सारख्या तासांत, इतकाच आमचा आग्रह. बाकी खत, निंदणी, पाणी सगळं ज्याचं त्याने नेहमीप्रमाणे. संशोधन केंद्रावर ‘बाकी सगळं समान’ ठेवून चाचणी होते. वावरात काहीच समान नसतं, आणि त्या असमानतेत कोण टिकतं हेच तर पाहायचं आहे.

१५ नोव्हेंबर

कापूस वेचणीचा भर. बायांना संध्याकाळशिवाय वेळ नाही. ओट्यावर बसून रकाने ठरवले.

मी वहीतला जुना तक्ता वाचून दाखवला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग वेचणीला जाणाऱ्या एक आक्का म्हणाल्या, “तुम्हना कागदमा आम्हनं कंबरडं कोठे शे?” त्यांनी कपाशीचंच उदाहरण दिलं. बोंडं खाली लागली की दिवसभर वाकावं लागतं, वेचणी किलोवर असते, वाकण्याचे पैसे कोणी देत नाही. यंत्राने वेचता यावी अशी बुटकी, दाट लागवडीची कपाशी येते आहे. ती यंत्र पोचायच्या आधी गावात पोचली तर कोणाच्या कमरेवर येईल, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

शेतीखर्चाच्या सरकारी हिशेबात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी धरायची की नाही यावर मोठा वाद चालतो: ए-२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च, त्यात कुटुंबाची मजुरी, मग स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरून सी-२. मजुरी धरली तरी कष्टाचं मोल तासावर होतं. उभं राहून केलेला तास आणि वाकून केलेला तास त्या हिशेबात एकच.

ठरलेले रकाने, बायांच्या क्रमाने: कापताना ताट हाताला कसं लागतं. पेंढी बांधताना पानं चुरतात का. दळल्यावर पीठ किती दिवस चांगलं राहतं. भाकर थापताना चिरते का. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला शिळी भाकर मऊ राहते का. कळण्याच्या पिठात उडदाबरोबर कशी बसते. बिबड्या (ज्वारीचे पापड) चांगल्या होतात का. म्हशीने कडबा शेवटच्या कांड्यापर्यंत खाल्ला का, की टाकला. पुरुषांनी नंतर जोडलेले: पाखरं किती बसतात, ताट लोळतं का, ओल तुटली की कणीस भरतं का, बाजारात भाव काय मिळतो. दाण्याचं वजन यादीत आहेच. त्याला कोणी खाली ढकललं नाही, फक्त ते एकटं उरलं नाही.

शिळ्या भाकरीचा रकाना मला फार मोलाचा वाटतो. रात्रीची भाकर सकाळी खाऊन कामावर जाणारी निम्मी गावं आहेत, आणि तिचा मऊपणा मोजणारा तक्ता माझ्या हाताखालून कधी गेला नाही.

२० डिसेंबर, धडगाव

सातपुड्यात दोन दिवस. इथे पावरा आणि भिल कुटुंबांनी मका-ज्वारीचे अनेक स्थानिक वाण आणि मोर, भादी यांसारखी बारीक धान्यं राखली आहेत. बायफ या ग्रामविकास संस्थेच्या मदतीने गावांनी बियाणे बँका चालवल्या आहेत. बी नेलं तर हंगामानंतर वाढवून परत करायचं.

एका घरात माळ्याखाली टांगलेली मक्याची कणसं पाहिली, पांढरी, पिवळी, जांभळट. वाण कसा निवडता, असं विचारल्यावर घरधनीण म्हणाली, एक निवडतच नाही. उतारावर वेगळा, नाल्याकाठी वेगळा, पाऊस उशिरा आला तर वेगळा. आमचं सगळं प्रशिक्षण ‘सर्वोत्तम वाण कोणता’ या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं. तिच्या शेतीत तो प्रश्नच नाही. वाणांचा मेळ कसा हवा, हा तिचा प्रश्न आहे, आणि आमच्या विश्लेषणात तो बसवायला सरांना नवीन गणित शोधावं लागणार. त्यांना निरोप पाठवला आहे.

विद्यापीठावर अन्याय नको म्हणून हेही लिहिते: रब्बी ज्वारीत राहुरीने जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगवेगळे वाण दिले, हलकीला वेगळा, मध्यमला वेगळा, भारीला वेगळा. मेळाच्या दिशेने टाकलेलं ते पाऊलच आहे. मालदांडी तरी काय, सोलापूरकडच्या शेतकऱ्यांच्याच वाणातून मोहोळला निवडलेली.

२६ फेब्रुवारी

कापण्या सुरू. प्रत्येक वावरात कापणाऱ्या बायांना बांधावरच विचारतो, घरी गेल्यावर नाही. थकवा ताजा असताना दिलेलं उत्तर वेगळं येतं.

९ मार्च

भाकरीचा दिवस. पीठ एकाच गिरणीत, दर वेळी चक्की साफ करून, वेगवेगळं दळलं. थापणाऱ्या चौघी, खाणाऱ्यांना वाण माहीत नाही. निम्म्या भाकरी झाकून ठेवल्या, उद्या सकाळसाठी.

२३ मार्च

सरांनी कल काढून आणले. एका हंगामाचे आहेत, त्यावर शिफारस होत नाही. कृषी विद्यापीठांच्या संयुक्त अ‍ॅग्रेस्कोत, म्हणजे संशोधनाच्या शिफारशी तपासणाऱ्या बैठकीत, कोणतीही शिफारस न्यायची तर तीन हंगामांची माहिती लागते आणि ती अट बरोबरच आहे. तरी जे दिसलं ते लिहिते.

दाण्यात विद्यापीठाचे वाण पुढे. पाणी दिलेल्या वावरात रेवती, कोरडवाहूत वसुधा. भाकरीत, विशेषतः शिळ्या भाकरीत, दादर वरचढ. कापायला दादर जड, हे बायांनी एकमुखाने सांगितलं. जुनं ते सोनं असं म्हणणाऱ्यांना हे ऐकावं लागेल. मला अपेक्षा होती की बाया आणि पुरुष यांचे क्रम वेगळे येतील. ते थोडे वेगळे आलेही, पण खरी फूट निराळीच निघाली: दावणीला जनावर असलेली घरं एकीकडे आणि नसलेली दुसरीकडे. ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांना कडब्याचं सोयरसुतक नाही, त्यांना कापायला हलकं आणि विकायला वजनदार हवं. म्हणजे ‘गावाचं मत’ असंही काही एकसंध नसतं. शास्त्रज्ञाच्या जागी गाव बसवलं की प्रश्न सुटला, असं मानणाऱ्यांत मीही जाणार नाही. कोणाचा रकाना कोणत्या घरासाठी, हे प्रत्येक निकालाबरोबर लिहावं लागेल.

विद्यापीठातल्या एका ज्वारी पैदासकारांना तक्ता दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवला नाही, पेन घेऊन बसले. कापणीचा जोर मोजायला साधं उपकरण वापरता येईल म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचा रकाना पुढच्या हंगामात त्यांच्या स्वतःच्या चाचणीत घेणार आहेत. म्हशीच्या उरलेल्या कांड्यांबद्दल त्यांना अजून खात्री नाही. ते पशुविज्ञानवाल्यांशी बोलतील.

राहिला बियाण्याचा प्रश्न. २००१च्या कायद्याने शेतकऱ्यांना, एखाद्या गावालाही, स्वतःचा वाण नोंदवता येतो आणि घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मिळतो. शेतकऱ्यांच्या वाणाला नवेपणाची अट नाही, पण वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता दाखवावी लागते. जिभाऊंच्या दादरमध्ये तीन तऱ्हांची कणसं दिसतात आणि ती ते मुद्दाम राखतात: एका वर्षी एक फसलं तर दुसरं हात देतं. नोंदणीसाठी त्यातलं एक निवडून बाकी काढून टाकायचं का, यावर आज दोन तास बोलणं झालं. तरुण मंडळींना नोंदणी हवी आहे, कारण उद्या दुसऱ्या कोणी याच बियाण्यावर नाव लावू नये. जिभाऊंचा नकार ठाम आहे. मार्ग असा निघाला की तिन्ही तऱ्हा वेगळ्या वाढवून वेगवेगळ्या नोंदवता येतील का ते पाहायचं आणि पेरायचं मात्र मिसळूनच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांसह सगळे गावात असतात, तेव्हा हे सर्वांसमोर ठेवायचं. तोपर्यंत तिन्ही तऱ्हांची निवडलेली कणसं वेगळ्या मडक्यांत, राखेत, जिभाऊंच्या नातसुनेकडे. मडक्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या.